पोर्तुगाल म्हणजे ‘आपली पणजीच, जरा थंड’? एक्सचेंज सत्राला जाताना या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीहून एका सत्राच्या अभ्यासासाठी पोर्तुगालमधल्या कोइंब्राला जाणार म्हटल्यावर आमच्या घरात कुणालाच परदेशाची धास्ती वाटली नाही. जपान किंवा जर्मनी असती तर आईने महिनाभर आधी डोकं धरलं असतं. पण पोर्तुगाल! आमच्या बोलण्यात पोर्तुगीजमधून आलेली चावी आहे, बाल्दी आहे, मेज आहे, जनेल म्हणजे खिडकी आहे. पोदेर तर रोज सकाळी भोंपू वाजवत पाव घेऊन दारात येतो. शेजारच्या काकांनी सांगूनच टाकलं, “अगो, ती म्हणजे आपली पणजीच, जरा थंड.” मी विश्वास ठेवला. पुढच्या पाच महिन्यांत मी केलेल्या बहुतेक चुका या एका वाक्यातून निघाल्या.

आपल्याकडून आता बरीच मुलं अशी सत्रभरासाठी बाहेर जातात, म्हणून हे लिहून ठेवते.

नावातलं एक अक्षर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तोही विमानात बसण्याआधी. गोव्यातल्या जुन्या नोंदींमध्ये आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. नाईकचं रोमन स्पेलिंग क्यू-यू-ईने संपतं, प्रभूचं पोरोबो होतं, शेणवीचं सिनाय. आजोबांच्या कागदांवर एक, बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि बँकेत तिसरं, असं कित्येक घरांत असतं. घरी त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण व्हिसासाठी माझ्या खर्चाची हमी बाबांची होती. माझ्या जन्मदाखल्यावरचे ‘वडील’ आणि बँकेच्या पत्रावरचा खातेदार हे एकच गृहस्थ आहेत, हे मला सिद्ध करावं लागलं.

प्रवेशपत्र हातात पडायच्या आधीच पासपोर्ट, जन्मदाखला, बारावीची गुणपत्रिका आणि आईबाबांच्या बँकेचे कागद एकाशेजारी एक मांडा आणि प्रत्येक अक्षर ताडून पाहा. किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागू शकतं. आडनावच बदलून घ्यायचं असेल तर गोव्यात त्यासाठी 1990 चा वेगळा कायदा आहे आणि त्याची प्रक्रिया चार दिवसांत उरकणारी नाही.

दुसरी ठेच अपोस्टिलची. नोटरीचा शिक्का आणि अपोस्टिल या वेगळ्या गोष्टी आहेत. अपोस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारं प्रमाणन, ते परराष्ट्र मंत्रालयाचं असतं, आणि त्याआधी कागद राज्य पातळीवर प्रमाणित करून घ्यावा लागतो. मी नोटरी करून निवांत बसले होते. यात तीन आठवडे गेले.

तिसरी गोष्ट व्हिसाच्या प्रकाराची. युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा साधा शेंगेन व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. पाच महिन्यांच्या सत्राला तो पुरत नाही, त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसाच लागतो. हातात आलेला स्टिकर आनंदाने स्टेटसला टाकण्याआधी वाचा: तारखा कोणत्या, प्रवेश किती वेळा. खरं तर तो स्टेटसला टाकूच नका.

याच काळात एखादे मामा हमखास भेटतात आणि विचारतात, “आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा ना? मग तिकडचा पासपोर्टच का नाही काढत?” 1961 पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे मार्ग खरा आहे, हजारो गोंयकारांनी तो धरलाय. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपण होऊन घेतलं की आपलं जातं. पाच महिन्यांच्या अभ्यासासाठी एवढा मोठा निर्णय जेवणाच्या ताटावर घेऊ नये.

तूप अडतं, सुंगटं जातात

सामान भरताना आमच्याकडे महाभारत झालं. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी नुकतीच आटोपली होती, त्यामुळे आईने तुपाची बरणी, पेढे आणि परसातला कडीपत्ता असं सगळं काढून ठेवलं होतं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. ताज्या भाजीपाल्याला आणि फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून कडीपत्ता आणि मानकुराद आंबाही बाद. त्यातून सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि आपला नारळ! आणि मासळी स्वतःपुरती 20 किलोपर्यंत चालते. म्हणजे देवाच्या प्रसादाचा पेढा अडतो आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सन्मानाने आत जातात. हे वाचून दाखवल्यावर बाबा किती तरी वेळ हसत होते.

तरी सुंगटांच्या बाबतीत एक सांगते. कायद्याने चालतात म्हणून सामाईक स्वयंपाकघरात भाजू नका. माझ्या इटालियन रूममेटने धुराचा अलार्म वाजायच्या आधीच खिडकी उघडली आणि मग दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

सुकं खोबरं विमानात अडवतात, ते घेऊच नका. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. मी एकाच पिशवीवर भागवलं आणि पांढरा कुर्ता कायमचा जांभळा झाला. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. दोदोल नारळ, गूळ आणि तांदळाच्या पिठाचं असतं, ते बिनघोर न्या.

कुकरचं वेगळं सांगायला हवं. मी हौसेने तीन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नेला. खोलीत इंडक्शनची शेगडी निघाली. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर इंडक्शन चालत नाही, तळाला लोह असावं लागतं. घरमालकाला आधीच एक ओळ लिहून विचारलं असतं तर दीड किलोचं ओझं वाचलं असतं. त्या कुकरात मी शेवटपर्यंत कांदे ठेवले. वीज तिकडेही आपल्यासारखीच 230 व्होल्टची, फक्त प्लग वेगळा. आपली तीन पिनांची पिन त्यांच्या बोर्डात बसत नाही, तेव्हा अडॅप्टर इथूनच न्या.

घर आतून थंड असतं

‘जरा थंड’ हे काकांचं वाक्य बाहेरच्या हवेपुरतं ठीक होतं. कोइंब्रात बर्फबिर्फ पडत नाही, हिवाळ्यात पाऊस पडतो. पण पोर्तुगालमधल्या जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग सहसा नसतं आणि भिंती ऊब धरत नाहीत. जानेवारीत रस्त्यापेक्षा माझी खोली थंड असायची. मी जाडजूड कोट नेला होता, घरात घालायला काहीच नव्हतं. उलट करा: आतले थर्मल, लोकरी मोजे, घरातली जाड चप्पल. कोट तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळतो.

ओल आली की बुरशी येते. गोव्याच्या माणसाला बुरशी शिकवावी लागू नये. पावसाळ्यात कपाटात बल्ब लावून ठेवणारी माणसं आपण! पण मी कपडे खोलीतच वाळत घातले आणि थंडीच्या भीतीने खिडकी बंद ठेवली. डिसेंबरात पलंगामागची भिंत काळी झाली. रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडायची, कितीही गारठा असो, आणि पलंग भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचा.

खोली घेतानाची चूक याहून महाग पडते. व्हिसाला राहण्याचा पत्ता हवा असतो, आणि पत्ता देणारा न बघितलेल्या खोलीची अनामत मागतो. या कात्रीत सापडलेली मुलंच भामट्यांचं गिऱ्हाईक होतात. फोटो झकास, भाडं कमी, मालक ‘सध्या परदेशात’ आणि पैसे लगेच हवेत, असं दिसलं की तिथेच थांबा. यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला वसतिगृहाबद्दल आणि खात्रीच्या घरांबद्दल आधी विचारा. भाड्याचा लेखी करार आणि दर महिन्याची पावती मागा. करारासाठी ‘निफ’ म्हणजे तिथला कर क्रमांक मागतील, तो कर कार्यालयात मिळतो. आणि खोलीत पाऊल टाकल्या दिवशी चारही भिंतींचे फोटो काढून मालकाला पाठवा. मी पाठवले नव्हते. ती काळी भिंत माझ्या अनामतीतून रंगवली गेली.

चावी आणि जनेल पुरत नाही

शब्द ओळखीचे, म्हणून भाषा येईल असं मी धरून चालले होते. कागदावर खरंच थोडं कळतं. पण तिकडचे लोक बोलताना स्वर गिळतात. पहिल्या आठवड्यात बेकरीतल्या बाईंचं मला एकच अक्षर कळलं, ते म्हणजे पाव. निघण्याआधी दोन महिने ऐकण्याचा सराव करा, आणि तो युरोपियन उच्चाराचा. बहुतेक अ‍ॅप ब्राझीलचा उच्चार शिकवतात, आणि तो कानाला बराच वेगळा लागतो.

‘धन्यवाद’ म्हणताना मी महिनाभर ‘ओब्रिगादू’ म्हणत होते. ते पुरुषाने म्हणायचं, बाईने ‘ओब्रिगादा’. समोर कोण आहे याचा संबंध नाही, बोलणाऱ्याचं लिंग बघायचं. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ असं आयुष्यभर बोलणाऱ्या मुलीने हे चुकावं, हे जरा लाजिरवाणंच.

खाणावळीत बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतात. आपल्याकडे लोणचं-पापड येतं तसं फुकट नसतं ते. हात लावला की बिलात येतं, नको असेल तर परत न्यायला सांगा, कुणी रागावत नाही. शाकाहारी असाल तर ‘काल्दू व्हेर्द’ या हिरव्या सूपपासून जपा, त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते.

अभ्यास: 14 म्हणजे वाईट नव्हे

कोइंब्राचं विद्यापीठ 1290 सालचं, आणि 1537 पासून कायमचं त्या गावात. टॉवरवरच्या घंटेला विद्यार्थी ‘काब्रा’ म्हणजे शेळी म्हणतात. या सगळ्या रम्य गोष्टींच्या नादात मी कामाची गोष्ट विसरले: तिथे शिकलेलं इथे मोजलं जाणार आहे का?

युरोपात एका सत्राचे 30 ईसीटीएस (तिकडच्या विद्यापीठांचं सामाईक माप) क्रेडिट धरतात. आपलं क्रेडिट वेगळ्या मापाचं असतं. जाण्याआधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा कागद होतो, त्यावर तिन्ही बाजूंच्या सह्या असतात: तुम्ही, घरचं कॉलेज, तिकडचं विद्यापीठ. तिथे पोचल्यावर वेळापत्रक जमेना म्हणून मी एक विषय बदलला आणि कागद बदलायचं राहिलं. परत आल्यावर तो विषय धरलाच गेला नाही. चूक माझीच. विषय बदलला की त्याच आठवड्यात नवा कागद, नव्या सह्या, ईमेलने का होईना.

गुण 20 पैकी देतात आणि 10 ला पास. मला पहिल्या परीक्षेत 14 मिळाले तेव्हा मी रडले होते. वर्गातल्या मुली अभिनंदन करायला आल्या, मला वाटलं टोमणा मारतायत. 18-19 तिकडे क्वचित कुणाला मिळतात. या 14 चे थेट 70 टक्के करू नयेत, तर रूपांतर कसं करणार हे आपल्या कॉलेजला निघण्याआधी विचारून लेखी घ्या.

पैसे आणि फोन

एटीएमवर ‘रुपयांत वळवू का’ असं विचारलं की नाही म्हणा, युरोच निवडा. रुपयांचा दर त्या यंत्राच्या मर्जीचा असतो. भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. 90 दिवस न वापरलेला नंबर कंपनी काढून घेऊ शकते. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि आरोग्य सल्ल्याची 808 24 24 24 ही लाइन लिहून ठेवा. अँटिबायोटिक तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट न्या.

स्विंडनची मावशी

गोंयकाराची आणखी एक खास चूक. कुणाची मावशी, कुणाचा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये, आणि हटकून स्विंडनलाच असतो. ‘आता युरोपात आलीच आहेस तर नाताळाला ये’, असा फोन येतो. पोर्तुगालच्या व्हिसावर ब्रिटनला जाता येत नाही. आयर्लंडलाही नाही, तो युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. नॉर्वे आणि स्वित्झर्लंडचं नेमकं उलट. मावशीने केक करून ठेवला होता, तो तिने व्हिडिओ कॉलवर दाखवला.

स्वस्त विमानांची तिकिटं काढताना अटी वाचा. काही कंपन्यांत युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना बोर्डिंग पासवर कागद तपासल्याचा शिक्का काउंटरवर घ्यावा लागतो, सुरक्षा तपासणीच्या आधी. पोर्तोच्या विमानतळावर मी थेट गेटवर पोचले. तिथून परत काउंटर गाठेपर्यंत तो बंद झाला होता. ते 23 युरोंचं विमान मला शेवटी 90 ला पडलं.

घरी फोन करायची वेळ दुपारची ठेवा. हिवाळ्यात तिकडचा एक म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, तुळशीकडे दिवा लावायची वेळ. रात्री जेवून आठला फोन केलात तर इथे दीड वाजलेला असतो. आई उचलते, झोपले नव्हते म्हणते, ते खोटं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं आणि साडेचार तासांचं अंतर साडेपाचचं होतं, हेही घरी सांगून ठेवा.

परतीच्या तिकिटावर मी नीट लक्ष दिलं होतं. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत: वास्कोजवळच्या दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. डिचोलीला मोपा जवळ, म्हणून मी मुद्दाम मोपाचं काढलं आणि तारीख-वेळ घरच्या ग्रुपवर तीनदा टाकली. उतरले, बॅग घेतली, बाहेर आले, कुणीच नाही. तेवढ्यात बाबांचा फोन. “बाय, आम्ही कधीचे दारात उभे आहोत, तू दिसत नाहीस कुठे?” फोनवर त्यांच्या मागे कुणीतरी वास्को, वास्को अशी हाक मारत होतं.