रोजचा फळा जीव लावून कसा लिहायचा

शाळेत रोज सकाळी कोणीतरी फळा लिहितं. वार, दिनांक, सुविचार, दिनविशेष, पट, हजर, गैरहजर. बऱ्याच वर्गात हे काम असं उरकलं जातं की सुविचार आठवडाभर तोच आणि फक्त तारीख पुसून बदललेली, मग पोरंही तिकडे बघत नाहीत, बघतील कशाला. मला विचाराल तर शिक्षकाच्या दिवसात सगळ्यात जास्त मोकळीक असलेलं काम हेच आहे, इथं पोर्शन नाही, पेपर नाही आणि बिघडलं तर पुसायला डस्टर हातातच असतो. चित्रकलेचा कोर्स लागत नाही, परिपाठाआधीची जी दहा-पंधरा मिनिटं तशीही जातात ती पुरतात. फक्त एक करायचं, रोज फळ्यावरच्या एकाच गोष्टीला जीव लावायचा, बाकीचं साधं सरळ लिहून मोकळं व्हायचं. सगळंच सजवायला गेलात की चार दिवसात कंटाळा येतो.

आधी फळा तयार करा. नवीन फळा गुळगुळीत असतो, खडू घसरतो, म्हणून खडू आडवा धरून पूर्ण फळ्यावर घासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढायचा. रोजचं पुसणं आदल्या दिवशी शाळा सुटताना ओल्या फडक्याने करून ठेवा म्हणजे सकाळी फळा कोरडा आणि काळाभोर मिळतो, नुसत्या डस्टरने तो राखाडीच राहतो आणि त्यावर कितीही छान लिहा, उठून दिसत नाही. सरळ ओळींसाठी शिवणाचा जाड दोरा खडूच्या भुकटीत घोळवा, दोन मुलांना दोन टोकं ताणून धरायला सांगा आणि मधोमध दोरा ओढून सोडा, टच्चकन रेघ उमटते. हे काम करायला वर्गात भांडणं लागतात!

आता अक्षर. इथं मी जरा रेंगाळणार, कारण निम्मी मजा यातच आहे. खडूचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा करा, तो टोकाने न धरता आडवा धरा, पूर्ण कड फळ्याला टेकली पाहिजे, आणि तिरका कोन एकदा पकडला की हात कुठंही वळला तरी तो कोन बदलू द्यायचा नाही. मग एका बाजूची रेघ आपोआप जाड येते आणि दुसऱ्या बाजूची बारीक, बोरूने लिहिल्यासारखी. सुरुवातीला फक्त 'ग', 'म', 'न' गिरवा, यांचे दंड सरळ आले की 'क' आणि 'ळ' ची गोलाई घ्या. एखादं शीर्षक ठसठशीत हवं असेल तर खडू थोडा वेळ पाण्यात बुडवून लिहा, ओलं असताना फिकट दिसतं म्हणून परत परत गिरवू नका, वाळलं की पांढरंशुभ्र होतं. मात्र हे नुसत्या डस्टरने नीट निघत नाही, ओलं फडकं घ्यावं लागतं.

दिनविशेषाला चेहरा काढायचा हट्ट सोडा. थोरामोठ्यांचे चेहरे जमायला अवघड आणि नाही जमले की वाईट वाटतं. त्या माणसाची एखादी वस्तू, पक्षी, आकडा काढा. 12 नोव्हेंबरला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा जन्मदिवस (1896, मुंबई), राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, दिवाळीची सुट्टी मध्ये आली नाही तर पिवळ्या गळ्याची चिमणी काढा. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने अशीच एक चिमणी पाडली, ती कुठली म्हणून विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून पक्ष्यांचं वेड लागलं. चित्र काढताना आडव्या खडूने अंग हलकं भरा, बोटाने पुसट करा, डोळ्याची जागा मोकळी सोडा आणि गळ्यावर पिवळ्या खडूचा एकच ठिपका द्या. बाकी कुठेही रंग नको, त्या एका ठिपक्याने पोरं विचारतात, सर हिचा गळा पिवळा का, आणि मग गोष्ट सांगायची.

22 डिसेंबरला गणितज्ञ रामानुजन यांचा जन्मदिवस, वरच्या वर्गाला नुसतं 1729 एवढं मोठं लिहून ठेवा, दोन घनांची बेरीज करून हा आकडा दोन वेगवेगळ्या प्रकारे कसा येतो ते शोधा म्हणावं. 1 आणि 12 चे घन, 9 आणि 10 चे घन. उत्तर संध्याकाळपर्यंत लिहायचं नाही हां. 6 जानेवारीला दर्पण, मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलं, त्या दिवशी फळ्याचे दोन रकाने करून वर्गाचीच बातमी छापल्यासारखी लिहा.

सुविचार मात्र मोबाईलवरून उतरवू नका. मुलांच्या बोलण्यातलं एखादं चांगलं वाक्य कानावर पडलं की वहीत टिपून ठेवा आणि खाली त्याचं नाव घालून लिहा, ज्याचं नाव येतं तो घरी जाऊन सांगतो. आणि फळ्याची खालची पट्टी, जिथपर्यंत पोरांचा हात पोचतो ती त्यांना द्या, नक्षी काढायला, हजेरी क्रमांकाप्रमाणे रोज एक जण, ज्याचं अक्षर वाईट आहे त्यालाही, उलट त्याला आधी.