लाखभर माइल पळालेली स्पोर्ट्स कूपे घेताय? आधी या चुका टाळा

मे-जून आला की माझ्याकडे फोन सुरू होतात. पोराचं मास्टर्स संपलेलं असतं, डेट्रॉइटच्या आसपास नोकरी लागलेली असते आणि दुसरा-तिसरा पगार खात्यात पडलेला असतो. "दादा, एक इन्फिनिटी जी३५ कूपे बघितली. १ लाख ४० हजार माइल झालेत, पण दिसायला एकदम कडक आहे. साडेसहा हजार म्हणतोय. घेऊ ना?" (कूपे म्हणजे दोन दारांची स्पोर्टी गाडी.) 'घेऊ का' नाही, 'घेऊ ना'. निम्म्यांनी तोवर दोनशे डॉलर डिपॉझिट देऊनही टाकलेलं असतं.

आधी एक भाषेचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'मायलेज' म्हणजे लिटरला किती देते ते. इथे 'हाय मायलेज' म्हणजे गाडीचं रनिंग जास्त झालंय. मागे एकाने जाहिरातीत 'हाय मायलेज' वाचलं आणि पेट्रोल कमी पिते म्हणून खूश झाला होता. साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन होतं त्या गाडीत.

रंग बघून पत्रा विसरणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

२०१३ सालचा मार्च. ओहायोतल्या टोलेडोच्या बाहेर एका घरासमोर चंदेरी रंगाची २००५ची जी३५ कूपे उभी होती, सहा गिअरची मॅन्युअल. रूममेट सोबत होता. मी खाली वाकून बघितलं, तर गाडीचं पोट काळंभोर, नव्या मेणकापडासारखं चमकत होतं. मालक म्हणाला, "गंज लागू नये म्हणून आत्ताच कोटिंग करून घेतलंय." मला वाटलं, काय जपणारा माणूस आहे! घासाघीस न करता पैसे मोजले.

मे महिन्यात ऑइल बदलायला गाडी लिफ्टवर चढवली. मेकॅनिकने काही न बोलता खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि दाराखालच्या कडेला टेकवून हलकेच दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. पापडासारखा आवाज झाला आणि तपकिरी भुगा माझ्या बुटावर पडला. त्यानंतर तीनच आठवड्यांत एका सिग्नलला ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला. मागची ब्रेकची नळी गंजून फुटली होती. ब्रेकची दोन सर्किट वेगवेगळी असतात म्हणून गाडी थांबली, तीही पुढच्या पिकअपपासून वीतभर अंतरावर. शेवटी ती कूपे पार्टसाठी विकली. किती आले ते विचारू नका.

मिशिगन-ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. मीठ इथे कमी पडत नाही. ते पाण्यात मिसळून सबफ्रेमच्या (चाकं-सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या) सांध्यांत, जॅक लावायच्या कडेत आणि ब्रेकच्या नळ्यांवर जाऊन बसतं. वरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो.

आता माझी सवय अशी: गाडी बघायला जाताना जुनी सतरंजी, टॉर्च आणि जाड मुठीचा स्क्रू ड्रायव्हर नेतो. मालकाला विचारून मुठीने कडेकडेने ठोकत जातो. टणटण वाजलं तर पत्रा शाबूत. थप्प वाजलं तर आत कुजलाय. दाराखालची कड, जॅक पॉइंट, मागच्या सस्पेन्शनचा सबफ्रेम आणि मागे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या, एवढं बघायचंच. ताजा काळा थर दिसला, तर त्याचे शिंतोडे सायलेन्सरवर, रबरी नळ्यांवर आणि नटबोल्टांवर उडालेत का बघा. मनापासून काम करणारा माणूस ते भाग झाकतो. लपवणारा डबा घेतो आणि फवारत सुटतो. मालक ठोकू देत नसेल तर सतरंजी गुंडाळून घरी यायचं.

जमलं तर टेनेसी-जॉर्जियाकडची गाडी शोधा. मात्र दक्षिणेकडच्या गाडीत पुराचं पाणी शिरलेलं असू शकतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर पुढे काही विचारायची गरज नाही.

तापलेलं इंजिन ऐकणे

बाबा पुण्यात जुनी चेतक बघायला गेले की मालकाशी बोलायच्या आधी इंजिनच्या कव्हरला हात लावायचे. कोमट लागलं की म्हणायचे, "उद्या सकाळी येतो." मला तेव्हा लाज वाटायची. आता मी तेच करतो, फक्त हात बॉनेटवर ठेवतो. थंड इंजिन चालू करतानाचा चेनचा खडखडाट, निळा धूर, डगमगणारं आयडलिंग हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर ते मिनिट तुमच्या हातून गेलं.

याचंच दुसरं रूप म्हणजे 'चेक इंजिन'चा दिवा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक कारला ओबीडी-टूचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं. वीसेक डॉलरच्या स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचता येतात आणि त्याच स्कॅनरने पुसताही येतात. अ‍ॅन आर्बरच्या एका पोराने दिवा न लागलेली निसानची ३५०झेड कूपे घेतली. घरी पोचायच्या आत आय-९४ हायवेवर दिवा लागला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा भाग, गेला होता. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, 'नॉट रेडी' होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला थोडे दिवस गाडी चालवावी लागते. त्यामुळे स्कॅनर लावल्यावर कोड नाहीत म्हणून नाचू नका, मॉनिटर बघा. दोन-तीन 'नॉट रेडी' दिसले तर काल रात्री कोणी तरी कोड पुसलेत, असं धरून चाला. मिशिगनमध्ये गाडीची धुराची तपासणी होत नाही, म्हणून इथे हा खेळ जास्त चालतो.

ओडोमीटरच्या आकड्यावर जीव टाकणे

मॉडेल वर्ष २०१० किंवा त्याआधीचं असेल, तर गाडी दहा वर्षांची झाल्यावर विकताना ओडोमीटरचा आकडा लिहून देण्याची केंद्रीय नियमाची सक्ती नाही. २०११ पासूनच्या गाड्यांना ती वीस वर्षं आहे. आपल्या बजेटातल्या जी३५, ३५०झेड, माझदा आरएक्स-८ यांपैकी बहुतेक या सवलतीत बसतात. म्हणजे ९० हजार हा आकडा मालकाच्या शब्दाइतकाच खरा. मी क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघतो. शिवाय सर्व्हिसच्या पावत्या बघतो, कारण तारखेसोबत माइल तिथे लिहिलेले असतात. दीड लाख माइल आणि फाइलभर पावत्या असलेली गाडी मी ऐंशी हजारवालीच्या आधी घेईन. पटत नसेल तर नका घेऊ, पण मग मला फोनही करू नका.

'सगळ्या सारख्याच' म्हणणे

३५०झेड आणि जी३५ कूपे यांचा पाया आणि इंजिन एकच. ठरावीक काळाने बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे तो एक खर्च वाचतो. पण २००५-०६च्या मॅन्युअल गाड्यांतलं 'रेव्ह-अप' इंजिन ऑइल पिण्यासाठी बदनाम आहे. डिपस्टिक स्वतः काढा, पुसा, परत घाला आणि मग बघा. ऑइल दोन क्वार्ट (जवळपास दोन लिटर) कमी असलं तरी दिवा लागेलच असं नाही. तो ऑइलच्या प्रेशरवर लागतो, पातळीवर नाही. ३५०झेडमधल्या २००७ पासूनच्या 'एचआर' नावाच्या इंजिनात हा त्रास कमी, पण टायमिंग कव्हरमागचं कागदी गॅस्केट फुटून ऑइल प्रेशर पडतं. पुढच्या सस्पेन्शनचे बुश फाटणं आणि खिडकीच्या काचा वर-खाली करणाऱ्या मोटरी जाणं हे दोन्हींत घरोघरी.

माझदा आरएक्स-८ स्वस्त मिळते, त्याला कारण आहे. तिच्यात पिस्टनच नाहीत, फिरणारे रोटर आहेत, आणि त्यांच्या टोकांवरचे सील झिजले की कॉम्प्रेशन जातं. ती थोडं ऑइल मुद्दामच जाळते, तशीच बनवली आहे. अमेरिकेत कंपनीने २००४-०८च्या इंजिनांची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख माइलपर्यंत वाढवली होती; ती आता कधीच संपली. घ्यायचीच असेल तर रोटरी इंजिनसाठीच्या टेस्टरने कॉम्प्रेशन मोजून घ्या. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज फक्त सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा दाखवतो. शिवाय गाडी पंधरा मिनिटं पळवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम असताना कुरकुरली तर नमस्कार करून निघा. यूट्यूबवर तिचा आवाज ऐकून प्रेमात पडलेल्यांना हे सांगून उपयोग होत नाही, हेही मला माहीत आहे.

सगळे पैसे गाडीतच घालणे

आठ हजार असतील तर गाडी साडेपाचचीच बघा. टायर, ब्रेक आणि सगळी ऑइलं पहिल्या महिन्यातच निघतात. क्लच घसरत असेल तर खर्च आणखी वाढतो, कारण ३५०झेडला ड्युअल-मास फ्लायव्हील (क्लचजवळचं दोन भागांचं जड चाक) आहे आणि तोही सोबत बदलायला निघतो. मिशिगनचा सहा टक्के सेल्स टॅक्स तर गाडी नावावर करतानाच भरायचा असतो.

उरलेल्या, पटापट

इन्शुरन्सचा कोट आधी काढा. चोवीस वर्षांचा ड्रायव्हर, दोन दारांची कूपे आणि मिशिगन, हे गणित रडवतं.

टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल असू देत, असा टायर काढायचा.

टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'रीबिल्ट' (मोठ्या नुकसानीनंतर पुन्हा उभी केलेली) किंवा 'सॅल्व्हेज' (मोठं नुकसान झालेली) असेल आणि मालक "किरकोळ ठोकर होती" म्हणत असेल, तर किरकोळ ठोकरीने सहसा टायटल बदलत नाही.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) फुकट बघता येतो. आरएक्स-८ टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये आहे.

खाली पाडलेली, बोंबलणारा सायलेन्सर लावलेली, 'फक्त हौसेने मॉडिफाय केलेली' गाडी: नाही.

आणि रात्री, पावसात, किंवा सोमवारपासून ऑफिसला जायला गाडी हवी म्हणून रविवारी संध्याकाळी बघायला जाऊ नका. ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही. गेल्या वर्षी एक जण असाच गेला. दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं, तर उजवं दार बाकीच्या गाडीपेक्षा एक छटा फिकं होतं. फोन आला, "दादा, आता काय करू?" म्हटलं, शनिवारी ये, आधी सतरंजी टाकून खालून बघू.