दोन रात्रींची कनू ट्रिप: नॅशनल पार्कात जायच्या आधी काय काय ठरवायचं

नकाशा उघडला की जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर मोजतात आणि म्हणतात, अरे २० किमीच तर आहे, एका दिवसात आरामात होईल. तर नाही होत. दोघं नवखे, सामान भरलेली कनू (वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद, उघडी होडी) आणि एकदम शांत पाणी असं सगळं जुळून आलं तरी ताशी साधारण ४ किमी जाता येतं, त्यात खाणं, पाय मोकळे करणं, नकाशा उलटासुलटा धरून वाद घालणं हे सगळं धरलं की ताशी ३ किमी धरा. आणि समोरून वारा आला की ते ३ सुद्धा विसरा. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच, की ट्रिप अंतरावर ठरवू नका, वाऱ्यावर ठरवा. पहिल्यांदा जाताय तर दिवसाला ८ ते १० किमी पुरे, ग्रुपमधला जो सगळ्यात हळू वल्हवणारा आहे त्याच्या हिशोबाने.

वाऱ्याचं असं आहे की मोठ्या तलावावर सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि ऊन चढलं की दुपारी वारा उठतो, संध्याकाळी परत पडतो, हे रोज होईलच असं नाही पण बहुतेक वेळा होतं. म्हणजे पहाटे उठायचं, सहा-साडेसहाला होडी पाण्यात आणि दुपारी एक-दोनपर्यंत मुक्कामाच्या जागी, एवढं साधं वेळापत्रक पाळलं तर अर्ध्या अडचणी येतच नाहीत. सुट्टीत कोण पहाटे उठणार म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला आधीच सांगून ठेवा. दुसरं म्हणजे वारा जितक्या लांबून उघड्या पाण्यावरून येतो तितक्या लाटा मोठ्या होतात, त्यामुळे तलाव मधोमध कापून जायचा शॉर्टकट दिसतो तिथे मोह आवरा, काठाकाठाने जा, बेटांच्या आडोशाने जा, थोडं लांब पडतं पण काही झालं तर होडी धरून काठावर येता येतं. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसायला लागला, म्हणजे वारा ताशी २० किमीच्या आसपास गेला, की नवख्यांनी जो जवळचा काठ असेल तिथे लागायचं आणि वारा पडेपर्यंत गप्प बसायचं. ह्यासाठीच दोन रात्रींच्या ट्रिपलाही एक दिवस मोकळा ठेवावा, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळची फ्लाइट तर अजिबात बुक करू नका.

आता पार्क आणि रूट. सगळी नॅशनल पार्क सारखी नसतात हे लक्षात घ्या. अमेरिकेत मिनेसोटामध्ये कॅनडाच्या सीमेला लागून व्हॉयेजर्स नॅशनल पार्क आहे, तिथे जवळजवळ ४० टक्के भाग पाणीच आहे आणि पार्कच्या कॅम्पसाइटवर पाण्यातूनच जावं लागतं, पण रेनी, काबेटोगामा, नामाकन हे तलाव मोठे आहेत, वारा लागतो. उलट फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या खारफुटीत काही ठिकाणी कोरडी जमीनच नसते, पाण्यावर लाकडी मचाण बांधलेलं असतं, त्याला चिकी म्हणतात, त्यावर टेंट लावायचा. तिथे खुंटी ठोकायला जागा नाही म्हणून स्वतःच्या पायावर उभा राहणारा टेंटच लागतो, गोडं पाणी मिळत नाही म्हणून माणशी रोजचं जवळपास ४ लिटर बरोबर न्यायचं, आणि ते कडक जाड डब्यात, कारण तिथले रॅकून पातळ प्लॅस्टिक फाडून पाणी पितात. शिवाय भरती-ओहोटी बघून निघावं लागतं. म्हणजे एकाच देशातल्या दोन पार्कांची यादी एकमेकींना लागू पडत नाही. पार्कच्या वेबसाइटवरचे नियम पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी वाचा: परमिट, ठरलेल्या साइटवरच राहायचं का कुठेही, आग पेटवायला बंदी आहे का, खाणं कशात ठेवायचं, काचेच्या बाटल्या आणि टिनचे डबे चालतात का (बऱ्याच ठिकाणी आतल्या भागात चालत नाहीत). सीझनमधल्या वीकेंडच्या चांगल्या साइट महिनोन्‌महिने आधी संपतात, तेव्हा शक्य असेल तर मधले वार धरा.

रूटचे तीन प्रकार. गोल फिरून परत येणं, एका टोकाला पाण्यात उतरून दुसऱ्या टोकाला बाहेर निघणं, आणि एकाच जागी तळ ठोकून तिथून रोज रिकाम्या होडीने फिरणं. फोटोत पहिला प्रकार भारी वाटतो, पण छोट्या ट्रिपला मी तिसऱ्याच्याच बाजूने आहे, कारण टेंट लावणं-काढणं एकदाच होतं आणि हवा बिघडली तर कुठे पोचायचंच आहे असं डोक्यावर नसतं. नदी असेल तर शेवटच्या टोकाला गाडी ठेवायची सोय बघा, आणि पाण्याची पातळी त्याच आठवड्याची बघा, गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका.

पोर्टेजबद्दल थोडं सविस्तर, कारण नवख्यांचा घाम इथेच निघतो. दोन तलावांच्या मध्ये जमिनीवरून होडी आणि सामान उचलून न्यावं लागतं त्याला पोर्टेज म्हणतात. नकाशावर ८०० मीटर लिहिलेलं असतं, पण सामान एका खेपेत जात नाही, म्हणजे एकदा जायचं, रिकाम्या हाताने परत यायचं, परत ओझं घेऊन जायचं, झाले २४०० मीटर, आणि ते चिखल, मुळं, डास ह्यांच्यातून. १६-१७ फुटी केव्हलारची (हलक्या पण मजबूत धाग्यांची) कनू साधारण १८-२० किलोची असते, अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची ३० किलोच्या वर जाते, तेव्हा भाड्याने घेताना पोर्टेज असेल तर थोडे पैसे जास्त देऊन हलकी घ्या (ती खडकावर मात्र घासायची नाही, गुडघाभर पाण्यात उतरूनच चढउतार करायची). उचलताना होडी आधी मांडीवर घ्यायची, हात पलीकडच्या कडेला, मग एका झटक्यात डोक्यावरून उलटी करून मधला लाकडी दांडा खांद्यांवर टेकवायचा, पुढचं टोक जरा वर ठेवायचं म्हणजे वाट दिसते. घरी गवतावर दोन-तीनदा करून बघा. एकट्याला जमत नसेल तर दुसऱ्याने एक टोक धरून ठेवायचं, त्यात कमीपणा नाही. पहिल्या ट्रिपला एखादंच पोर्टेज असलेला किंवा अजिबात नसलेला रूट बघा.

सामान. दोघांनी मिळून दोन मोठ्या आणि एक छोटी बॅग, ह्याच्यावर गेलं की पोर्टेजला रडू येतं. सुटं काही ठेवू नका, पायाशी लोंबणाऱ्या पिशव्या, हातात धरायच्या वस्तू, हे सगळं शेवटी मागे राहतं नाहीतर पाण्यात जातं. स्लीपिंग बॅग आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड ड्राय बॅगमध्ये (पाणी आत न जाणारी पिशवी), आणि त्याच्या आत परत एका जाड प्लॅस्टिक पिशवीत, कारण बाकी सगळं भिजलं तरी हे दोन कोरडे असतील तर रात्र निघते. जड सामान खाली आणि मधोमध, होडी किंचित मागे जड राहील असं भरायचं. मात्र समोरून वारा असेल तर एखादी बॅग पुढे सरकवा, पुढचं टोक हलकं असलं की वारा ते धरून होडी फिरवतो आणि मागे बसलेला वैतागून जातो. एक जादा वल्हं, पाणी उपसायला काहीतरी, तरंगणारी दोरी १५ मीटरची, शिट्टी, आणि कागदी नकाशा व होकायंत्र, फोनमधला नकाशा असला तरी. टार्प, म्हणजे डोक्यावर बांधायची हलकी ताडपत्री, न्याच, पाऊस पडला तर टेंटमध्ये दिवसभर आडवं पडून राहण्यापेक्षा टार्पखाली बसून चहा करता येतो. खुर्ची वगैरे राहू द्या.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं. होडीत ठेवलेलं असणं आणि घातलेलं असणं ह्यात सगळा फरक आहे, पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. थंड प्रदेशात वसंत ऋतूत हवा छान उबदार असते आणि पाणी मात्र नुकतं बर्फ वितळलेलं, तेव्हा कपडे हवेच्या हिशोबाने न घालता पाण्याच्या हिशोबाने घाला, कॉटन नको, लोकर किंवा सिंथेटिक. अगदी गार पाण्यात पडल्यावर एक-दहा-एक असं लक्षात ठेवतात: पहिलं १ मिनिट धाप लागते, फक्त श्वास ताब्यात आणायचा, मग साधारण १० मिनिटं हातपाय नीट काम करतात, तेवढ्यात बाहेर पडायचं किंवा होडीला घट्ट धरायचं, आणि गारठ्याने शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. उलटलेली कनू बहुधा तरंगत राहते, तिला सोडून पोहत सुटू नका. निघायच्या आधी उथळ पाण्यात मुद्दाम एकदा उलटून बघा, हसू पण येतं आणि भीती पण जाते. गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं.

बसायचं कसं, तर वळवणारा मागे, जोर लावणारा पुढे, आणि पुढच्याने बाजू बदलताना सांगून बदलायची. मागच्याने प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं थोडं बाहेर ढकलायचं, म्हणजे होडी सरळ जाते, नाहीतर वेडीवाकडी जात राहता आणि अंतर दीडपट होतं. जोडप्यांची भांडणं इथेच होतात, अर्ध्या दिवसाने जागा बदलून बघा.

मुक्कामाला पोचलात की सगळ्यात आधी होडी. नुसती काठावर ओढून ठेवलेली रात्रीच्या वाऱ्याने जाते, मग तुम्ही बेटावर आणि होडी पलीकडे. पूर्ण वर उचला, उलटी करा, झाडाला बांधा, वल्ही आणि जॅकेट तिच्याखाली. टेंट लावायच्या आधी मान वर करून बघा, वाळलेलं झाड किंवा लटकलेली फांदी असेल तर जागा बदला. अस्वलांच्या भागात खाणं, टूथपेस्ट, साबण, कचरा, वास येणारं सगळंच टेंटपासून लांब, पार्क सांगेल त्या कडक डब्यात किंवा दोरीने टांगून, जमिनीपासून ४ मीटर तरी वर आणि खोडापासून दीडेक मीटर लांब. टांगायचं झाड उजेड असतानाच शोधा, अंधारात हेडलॅम्प लावून फांदीवर दगड-दोरी फेकत बसणं ही शिक्षा आहे. भांडी घासणं आणि शौचाला जाणं पाण्यापासून ६० मीटर तरी लांब, साइटवर टॉयलेट नसेल आणि पार्क खड्डा करू देत असेल तर तो १५-२० सेंटीमीटर खोल.

प्यायचं पाणी काठावरून न घेता होडीतून थोडं आत जाऊन भरा आणि खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. फिल्टर असेल तर उत्तम. पण पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर त्या पाण्याला हात लावू नका, निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळून जात नाही.

घरच्या एका माणसाला लिहून द्या: कुठून उतरणार, कुठल्या साइटवर कुठली रात्र, गाडीचा नंबर, होडीचा रंग, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळवायचं. ही वेळ परतायच्या वेळेनंतर चांगली पाच-सहा तासांनी ठेवा, नाहीतर वाऱ्याने अडकलात की उगाच शोधाशोध सुरू होते. आत रेंज नसतेच असं धरा, सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसली तरी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने मिळतो.

परतल्यावर सगळे दमलेले असतात आणि होडी तशीच गाडीवर चढवतात. तसं करू नका, आतलं पाणी तिथल्या तिथे ओता, चिकटलेलं गवत-चिखल काढा, आणि दुसऱ्या तलावात न्यायच्या आधी होडी पूर्ण वाळवा. झेब्रा शिंपल्यांची (बाहेरून येऊन तलावात झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात आणि अशीच तळाशी राहिलेल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ह्याची तपासणी होते आणि दंडही बसतो.