कुत्रा ताटाशी येऊन मागतो? घरातल्या या चुका टाळा

दुपारी हुमणाचा, म्हणजे मासळीच्या कढीचा, वास सुटला की कुत्रा टेबलाखाली येऊन बसतो, गुडघ्यावर हनुवटी टेकवतो आणि प्रत्येक घासाबरोबर मान वर-खाली करतो. तक्रार असते, ‘पोटभर खाल्लंय, तरी मागतो.’ पण मागणं आणि भूक यांचा संबंध आपल्याला वाटतो तेवढा घट्ट नसतो. कुत्रा मागतो, कारण मागितल्यावर कधी ना कधी मिळालेलं असतं. बहुतेक घरांत ही सवय माणसांनीच लावलेली असते, त्यामुळे ती मोडणंही माणसांच्याच हातात असतं.

ओढ मात्र जुनी आहे. माणसाच्या वस्तीच्या कडेनं, उष्ट्या-खरकट्यावर कुत्र्याच्या हजारो पिढ्या जगल्या. लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट (स्टार्च) पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. भात-पाव त्याला पचतो तो त्यामुळे. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अभ्यासकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा ती आधी मांसाच्या वासाची वस्तू निवडताना आढळली. भातावर बांगड्याची कढी पडली की कुत्र्याच्या दृष्टीनं त्या भाताची किंमत का वाढते, ते यावरून कळेल. लॅब्राडोर पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2016 च्या एका अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरमध्ये भूक आवरणाऱ्या जनुकाचा एक तुकडा गळालेला आढळला, आणि अशी कुत्री खाण्यामागे अधिक लागतात. अशा कुत्र्याला ‘हावरट’ म्हणून रागावण्यात काही अर्थ नाही. त्याचं खाणं मोजणं हाच उपाय.

सगळ्यात मोठी चूक: कधीतरी देणं

रोज देणाऱ्या घरापेक्षा ‘आम्ही फक्त रविवारी देतो’ म्हणणाऱ्या घरातला कुत्रा जास्त चिवटपणे मागतो. बक्षीस नेहमी मिळत असेल आणि ते एकदम थांबलं, तर प्राणी लवकर नाद सोडतो. कधी मिळतं, कधी नाही असं असेल तर तो वाट पाहत राहतो, कारण पुढच्याच घासाला मिळण्याची शक्यता उरलेली असते. घरातल्या पाच जणांपैकी चौघांनी काटेकोरपणे नियम पाळला आणि आजोबांनी टेबलाखालून तळलेल्या मासळीचं शेपूट सरकवलं, तर चौघांची मेहनत वाया जाते.

दुसरा घोटाळा देणं बंद केल्यावर होतो. पहिले काही दिवस मागणं कमी होण्याऐवजी वाढतं. कुत्रा पंजा मारतो, कुं-कुं करतो, भुंकायला लागतो. जुनी युक्ती चालेना म्हणून तो ती जोरात वापरून पाहत असतो. नेमक्या याच वेळी ‘घे बाबा एकदाचं’ म्हणून तुकडा टाकला, तर वीस वेळा भुंकलं की मिळतं, हा धडा पक्का होतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, पण ते दिवस सोडू नका.

ओरडण्यानंही काही साधत नाही. ‘जा तिकडे’ म्हणताना आपण त्याच्याकडे बघतो, त्याच्याशी बोलतो, म्हणजे त्याला लक्ष तरी मिळतंच. बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. चापट मारणं तर पूर्ण बंद. जेवणाजवळ मार खाल्लेला कुत्रा पुढे अन्नाजवळ कुणी आलं की गुरगुरायला लागू शकतो, आणि घरात लहान मूल असेल तर हा खरा धोका आहे.

वेळेचं गणित चुकतं

आपल्याकडे गोव्यात मोठं जेवण दुपारचं. कुत्र्याला मात्र सकाळी आठला आणि रात्री आठला खायला घालायचं, अशी अनेक घरांची रीत. म्हणजे दीड वाजता शीत-कढी (भात-कढी) वाढली जाते, तेव्हा त्याचं पोट साडेपाच तासांचं रिकामं असतं. दिवसाचा शिधा तेवढाच ठेवून त्याचे तीन भाग करा. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या, मध्यम हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी लागतात. बहुतेक कोरड्या खाद्याच्या हिशेबात ते 175 ग्रॅमच्या आसपास येतं. सकाळी 70, दुपारी 35 आणि संध्याकाळी 70 असं वाटता येईल. पाकिटावरची कॅलरी पाहून आकडा जुळवून घ्या.

जेवणाव्यतिरिक्तचा वरचा खाऊ एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे या कुत्र्याला जेमतेम 60 कॅलरी. दोन मारी बिस्किटांत त्यातल्या पन्नासेक जातात. सकाळी पोदेर (पाववाला) आला की अर्धा पाव, चहाबरोबर बिस्किट आणि दुपारी भाताचा गोळा, एवढं धरलं की वजन का वाढतंय ते वेगळं सांगायला नको. बरगड्या हलक्या हातानं चाचपल्यावर लागत नसतील, तर शिधा आधीच जास्त आहे.

उलट बाजूही बघावी. नुसत्या भात-कढीवर वाढणाऱ्या कुत्र्याला प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं. त्याचं मागणं निव्वळ सवयीचं समजू नका.

जागा शिकवा

‘मागू नको’ हे कुत्र्याला शिकवता येत नाही, ‘इथे पड’ हे येतं. टेबलापासून दोनेक मीटरवर एक गोणपाट किंवा जुनी सतरंजी घाला. सराव जेवणाच्या वेळी नाही, इतर वेळी करायचा, दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. खाऊ वाटाण्याएवढा हवा, त्याच्या दुपारच्या 35 ग्रॅममधलाच. बिनमिठाचं, काटे काढलेलं उकडलेलं इसवणही (सुरमई) चालेल, पण तेही दहा टक्क्यांत मोजायचं.

चारही पाय गोणपाटावर आले की खाऊ गोणपाटावरच ठेवा, हातातून भरवू नका. मग तो आडवा पडल्यावरच पुढच्या पायांमध्ये ठेवा. मग तीन सेकंद थांबून, पाच, दहा, वीस. दहापैकी आठ वेळा जमलं तरच वेळ वाढवा. लागोपाठ दोनदा उठला, तर मागच्या पायरीवर या. उठायची परवानगी एकाच शब्दानं द्या, ‘सुट्टी’ चालेल, आणि घरात सगळ्यांनी तोच शब्द वापरा. यानंतर रिकामं ताट घेऊन बसा, मग भरलेलं, मग सगळं कुटुंब. पहिली काही जेवणं एका माणसाला गोणपाटावर खाऊ ठेवायला दर पंधरा-वीस सेकंदांनी उठावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण इथेच काम होतं. हळूहळू मिनिटाला एकदा, मग जेवणाच्या मध्ये एकदा आणि शेवटी एकदा. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाचा जो नियम आधी आपल्या विरुद्ध होता, तोच आता पडून राहण्याच्या बाजूनं चालतो.

आजीचा जीव कुत्र्याला घास दिल्याशिवाय भरत नसेल, तर तो घास बंद करायची गरज नाही. आपल्याकडे श्राद्धाला काकबळीबरोबर कुत्र्यासाठीही घास काढतात, त्यामागची माया चांगलीच आहे. फक्त तो घास जेवण आटोपल्यावर, त्याच्या भांड्यात, गोणपाटापाशी द्या. पाहुण्यांसाठीही हीच सोय.

काय देऊ नये

आपल्या स्वयंपाकातला मोठा धोका कांदा-लसणाचा. त्यानं तांबड्या पेशी फुटतात, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात: फिकट हिरड्या, गडद लघवी, थकवा. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्यानं रक्तात बिघाड होतो, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरतो. शिजवल्यानं विष कमी होत नाही, म्हणून शागुती (मसालेदार रस्सा) किंवा हुमण ‘धुऊन’ देण्यात अर्थ नाही. चवरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) तर चरबी, मीठ आणि लसूण एकत्र. मनुका घातलेल्या नेवऱ्या (करंज्या), शिरा आणि नाताळचा केक यांवर चतुर्थी ते डिसेंबर करडी नजर हवी. मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्या तर चालेल याचा भरवशाचा आकडा नाही. खाल्ल्याचं कळताच उलटी होण्याची वाट न बघता डॉक्टरला फोन करा. साखर नसलेल्या च्युइंगममधलं झायलिटॉल आणि चॉकलेटही याच यादीत.

शिजलेली हाडं अणकुचीदार फुटतात. बांगड्याचे नि तारल्यांचे काटे घशात अडकतात. मे महिन्यात आंब्याची कोय आतड्यात अडकून शस्त्रक्रिया करावी लागू शकते, आणि कच्च्या काजूच्या टरफलातल्या तेलानं तोंड भाजतं.

शॅकवरची कुत्री

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे हंगामी झोपडीवजा खाणावळींत, मागणारी कुत्री पर्यटकांच्या चिप्सवर आणि चिकनच्या हाडांवर शिकलेली असतात. मे संपता संपता शॅक उतरवले जातात आणि हा आधार एकदम तुटतो. खायला घालायचंच असेल तर टेबलांपासून दूर, ठरल्या जागी, ठरल्या वेळी घाला, आणि पावसाळ्यातही चालू ठेवा. टेबलाशी दिलेला तुकडा त्या कुत्र्याला पुढच्या टेबलावर लाथ मिळवून देतो.

हे सवयीचं नाही, दुखण्याचं

कधीच न मागणारा कुत्रा अचानक मागायला लागला, पाणी जास्त पिऊ लागला, लघवीला वारंवार जाऊ लागला, तर मधुमेह किंवा कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा) आजार तपासून घ्या. खाऊनही वजन घटत असेल, तर जंत आणि स्वादुपिंड तपासा. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड किंवा फिटचं फिनोबार्बिटोन चालू असेल, तर भूक औषधानंच वाढते. औषध मनानं बंद करू नका, डॉक्टरशी शिध्याबद्दल बोला. आणि रोज ताटाशी येणारा कुत्रा एक दिवस आलाच नाही, तर शिस्त लागली म्हणून खूश होण्याआधी त्याचा ताप मोजा, हिरड्यांचा रंग बघा आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.