डॉल्फिनचा अभ्यास करायचाय? आधी पाणी बघायला शिका

पहिल्या सर्वेक्षणाला मालवणहून पहाटे निघालो तेव्हा माझ्याकडे कोरी करकरीत दुर्बीण होती. सहा तासांत काय दिसलं? पाणी. शेवटी सुकाणूवरून तांडेलमामाच म्हणाले, "थंय बगा, गादा." मी दुर्बीण वळवेपर्यंत नुसती वर्तुळं उरली होती.

गादा म्हणजे आपल्या किनाऱ्यालगतचा हम्पबॅक डॉल्फिन. त्याच्यासाठी फार लांब जावं लागत नाही. वीसेक मीटर खोलीच्या आत, खाडीच्या तोंडाशी तो हिंडत असतो. एकेक डॉल्फिन ओळखायचा तो पाठीवरच्या परावरून. पराच्या कडेला पडलेल्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या. त्यामुळे फोटो बरोब्बर बाजूने हवा. मी उड्या टिपत बसलो. तीनशे फोटोंतले कामाचे निघाले अकरा. आईला मात्र उड्यांचेच आवडले.

फिनलेस पोर्पॉइज हा डॉल्फिनचा छोटा नातलग. त्याच्या पाठीला परच नसतो, म्हणजे ही युक्तीही गेली. समुद्रावर पांढरे तुरे उठायला लागले की तो दिसणं विसराच, वही मिटा आणि परत फिरा.

किनाऱ्याला लागलेला मेलेला प्राणी हाही अभ्यासच. पण आधी वनखात्याला फोन. हे प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, परवानगीशिवाय कातडीचा तुकडाही घेता येत नाही. लांबी जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत मोजायची. मी टेप फुगलेल्या पोटावरून नेला आणि प्राणी कागदावर वाढला. वासाचं म्हणाल तर ते कपडे घरात आणू नका.

शिक्षणाबद्दल थोडक्यात: प्राणिशास्त्र, मत्स्यविज्ञान, पशुवैद्यक, कुठूनही येता येतं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) इथे वन्यजीवांवर एमएस्सी होते. संख्याशास्त्र मात्र टाळू नका. मी टाळलं आणि पुढे रात्री जागून शिकलो. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या. एक संपून दुसरा मिळेपर्यंत मी सात महिने शिकवण्या घेतल्या, हे घरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. तेव्हा फोटो जुळवत बसायचं, कुठला पर कुठल्या डॉल्फिनचा ते. आणि हंगामात होडी ठरवताना डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.