सरकारी पाळत आणि आपला फोन: माग कमीत कमी कसा ठेवायचा

माहिती अधिकारात गृह मंत्रालयाने एक आकडा दिला होता, २०१३ च्या आसपासचा, की केंद्राकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० फोन टॅपिंगचे आदेश निघतात. म्हणजे दिवसाला अडीचशे-तीनशे. नियमाने प्रत्येक आदेश गृहसचिवांनी बघून मंजूर करायचा असतो, आता इतके कागद रोज कोण कसं वाचत असेल ते तुम्हीच ठरवा. पण टॅपिंग हा या सगळ्यातला छोटा भाग आहे, कारण तिथे निदान कोणाचं तरी नाव लागतं. ज्यांच्या मागे कोणीच नाही अशा तुमच्याआमच्यासारख्यांचं जे साठतं ते नाव न बघता, सरसकट सगळ्यांचं साठतं आणि लागेल तेव्हा मागवलं जातं. म्हणून पुढे सगळीकडे एकच प्रश्न धरून चालायचंय: इथे काय साठतंय आणि ते मला थांबवता येतंय का.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. एखादी एजन्सी खास तुमच्याच मागे लागली असेल तर खालच्या सेटिंग्जनी फार काही होणार नाही. पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर तर फोनच्या आतच घुसतं, २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने जगभरातल्या साधारण १,४०० लोकांवर त्याचा हल्ला झाल्याचं सांगितलं होतं आणि त्यात नागपूरचे एक वकीलही होते. ते वेगळं प्रकरण आहे, त्याचं शेवटी बघू.

सीडीआर: इथूनच सुरुवात करा

बातम्यांमध्ये "पोलिसांनी सीडीआर काढला" असं रोज वाचतो. सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, टेलिकॉम कंपनीकडे राहणारी तुमच्या कॉलची नोंद. त्यात नेमकं काय असतं? एका कॉलची एक ओळ. कोणी केला, कोणाला केला, तारीख, वेळ, किती सेकंद बोलले, हँडसेटचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), कॉल सुरू झाला तेव्हा कुठला टॉवर आणि संपला तेव्हा कुठला. काय बोललात ते त्यात अजिबात नसतं. सोसायटीचा वॉचमन रजिस्टरमध्ये कोण आलं, कुठल्या फ्लॅटला गेलं, कधी निघालं एवढंच लिहितो, पण वर्षभराचं रजिस्टर एका बैठकीत चाळलं तर कोणाचं कोणाशी काय चाललंय ते दाराला कान न लावता कळतं, तसंच. सकाळी कॅन्सर हॉस्पिटलला चार मिनिटं, लगेच विमा एजंटला, मग गावाकडच्या भावाला पाऊण तास. बोलणं ऐकायची गरज आहे का सांगा.

डिसेंबर २०२१ मध्ये लायसन्सच्या अटी बदलल्या आणि टेलिकॉम कंपन्यांनी हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचं असं ठरलं, आधी एक वर्ष होतं. इंटरनेटच्या वापराचंही असंच रेकॉर्ड असतं, त्याला आयपीडीआर म्हणतात. आणि "सरकारकडेच तर जातंय ना" म्हणणाऱ्यांसाठी: २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकणारं रॅकेट पकडलं होतं, त्यात खासगी डिटेक्टिव्हना अटक झाली. एकदा साठलं की ते फक्त साहेबांच्याच कपाटात राहील याची गॅरंटी कोणी देत नाही.

सीडीआर डिलीट करायचं बटण नाही. पण त्यात भर घालणं कमी करता येतं:

१. नाजूक विषयावरचे कॉल (डॉक्टर, वकील, पत्रकार, युनियनवाले) साध्या फोनने करू नका, सिग्नल किंवा व्हॉट्सअॅपवरून करा.

२. पण तेवढ्याने भागत नाही, कारण अॅपवरचा कॉल बऱ्याचदा थेट दोन फोनमध्ये जोडला जातो, आणि मग तुमच्या टेलिकॉम कंपनीच्या आयपीडीआरमध्ये समोरच्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याच्या कनेक्शनचा नंबर) दिसू शकतो, दोन्हीकडची रेकॉर्ड जुळवली की कोण कोणाशी बोललं ते निघतं. यावरचा उपाय फार कमी लोकांना माहीत आहे. व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, मग अॅडव्हान्स्ड, तिथे 'प्रोटेक्ट आयपी अॅड्रेस इन कॉल्स' चालू करा. सिग्नलमध्येही प्रायव्हसीच्या अॅडव्हान्स्डमध्येच 'ऑलवेज रिले कॉल्स' आहे. मग कॉल अॅपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवरून वळून जातो, आवाज थोडासा उतरेल, चालतंय.

३. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर बघा, अनोळखी नंबर दिसला की तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवा, नाहीतर दुसऱ्याचा सीडीआर तुमच्या नावावर चढत राहील. यासाठी अॅप टाकायची गरज नाही. हेच अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून टाकून द्या असा आदेश नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी निघाला होता आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

मेसेज: कुलूप आहे, पण किल्ली कुठे टांगलीय

व्हॉट्सअॅपचे मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, मधल्या मध्ये कोणी वाचू शकत नाही, हे खरंय. पण रात्री दोनला गुगलवर किंवा आयक्लाउडवर जो बॅकअप जातो तो तुम्ही वेगळं सेटिंग केल्याशिवाय तसा एन्क्रिप्टेड नसतो. सगळी मेहनत तिथे वाया. चॅट्समध्ये चॅट बॅकअप, त्यात 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा, पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा कारण तो विसरलात तर कंपनीही काढून देऊ शकत नाही. आयफोनवाल्यांनी आयक्लाउडसाठी 'अॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' पण चालू करावं.

आता गंमत अशी की तुम्ही हे केलं तरी समोरच्याने केलं नसेल तर तीच चॅट त्याच्या बॅकअपमध्ये उघडी पडलेली असते. म्हणून डिसअपिअरिंग मेसेज लावा, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. घरच्या ग्रुपवर नको, आईने पाठवलेले फोटो उडतील आणि बोलणी खाल. ज्यांच्याशी महत्त्वाचं बोलता त्यांच्याशी लावा.

टेलिग्राम सेफ आहे हा समज कुठून आला कळत नाही. तिथल्या साध्या चॅट एंड-टू-एंड नसतात, ग्रुप तर कधीच नाहीत, त्यासाठी 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये त्यांच्या मालकाला अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने पॉलिसी बदलून सांगितलं की कायदेशीर मागणी आली तर नंबर आणि आयपी पत्ता देऊ.

माझं मत विचाराल तर सिग्नल. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्रँड ज्युरीच्या समन्सवर त्यांना एका युजरची माहिती द्यायची वेळ आली तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: अकाउंट कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं. बाकी साठवलंच नव्हतं तर देणार काय. २०२४ पासून तिथे युजरनेम पण घेता येतं, म्हणजे समोरच्याला नंबर न देता बोलता येतं. सगळ्या नातेवाइकांना तिकडे ओढायच्या भानगडीत पडू नका, होत नाही ते, ज्या चार-पाच लोकांशी खरंच खासगी बोलायचंय तेवढ्यांना आणा.

लोकेशन आणि जाहिरातींचा आयडी

सरकारला वॉरंट घेऊनच लोकेशन मिळतं असं समजू नका, बाजारातून विकत पण मिळतं. २०२० मध्ये बाहेर आलं की नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका लोकप्रिय अॅपमधला लोकेशन डेटा दलालामार्फत फिरत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोचत होता. युजरने परवानगी दिली होती, कशासाठी वापरणार ते कोणी सांगितलं नव्हतं.

जाहिरातींसाठी प्रत्येक फोनला एक आयडी असतो, त्यावरून वेगवेगळ्या अॅपमधली तुमची माहिती जुळवता येते. तो काढायला अँड्रॉइडमध्ये प्रायव्हसीत जाऊन अॅड्समध्ये 'डिलीट अॅडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. आयफोनमध्ये ट्रॅकिंगमध्ये 'अलाउ अॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. मग लोकेशनच्या यादीत एकेक अॅप बघा, 'ऑलवेज' दिसलं की 'व्हाइल यूजिंग' करा, आणि टॉर्च, कॅलेंडर, कीर्तनाचं अॅप यांना लोकेशन लागतंच कशाला, बंद. गुगलच्या 'वेब अँड अॅप अॅक्टिव्हिटी'ला तीन महिन्यांचं ऑटो-डिलीट लावा, शक्य असेल तर पूर्ण बंद करा. टॉवरवरून कळणारं लोकेशन मात्र यातल्या कशानेही लपत नाही, फोन चालू आहे तोवर कंपनीला दिसणारच.

आधार

कोकणातल्या कुठल्याही लॉजवर जा. काउंटरवरचा पोरगा आधार मागतो, तुम्ही देता, तो स्वतःच्या मोबाइलने फोटो काढतो आणि मालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो. झालं. तुमचा पूर्ण नंबर, पत्ता, जन्मतारीख दोन अनोळखी फोनमध्ये कायमची.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट काढून पाकिटात ठेवा. कोणी हुज्जत घातली तर ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करा. ऑनलाइन नंबर टाकायची वेळ आली तर बारा आकड्यांऐवजी सोळा आकड्यांचा व्हर्च्युअल आयडी चालतो, तो पाहिजे तेव्हा बदलता येतो.

बायोमेट्रिक लॉक पण करा, म्हणजे बोटाच्या ठशाने कोणी तुमच्या नावाने काही करू शकणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा चालत नाही आणि गावात अंगठ्यावर पैसे काढता तेही होत नाही, जायच्या आधी थोड्या वेळापुरतं अनलॉक करा. आईवडिलांचं लॉक करून त्यांना न सांगता पुण्याला निघून जाऊ नका. त्याच साइटवर 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' असते, मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं, अधूनमधून बघत जा.

एअरपोर्टवर डिजीयात्रा, म्हणजे चेहरा स्कॅन करून आत सोडायची सोय, ऐच्छिक आहे. तिथला स्टाफ जणू सक्तीच असल्यासारखा बोलतो, तुम्ही सरळ साध्या लाइनीत उभे राहा.

ब्राउझिंग आणि व्हीपीएन

साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' सेट करा, क्लाउडफ्लेअर किंवा क्वाडनाइनचा पत्ता त्यांच्या साइटवर मिळेल. याने तुमची इंटरनेट कंपनी साइटची नावं सहज टिपू शकत नाही, पण पूर्ण लपतं असं नाही, कनेक्शन जोडताना साइटचं नाव बऱ्याचदा उघडंच जातं.

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून वळवून नेणारी सेवा, त्याचं भारतात जरा विचित्र झालंय. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, आयपी वगैरे पाच वर्षं ठेवायचं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. तेव्हा भारतात सर्व्हर नसलेली, पैसे घेणारी सेवा निवडा. फुकट व्हीपीएन नको, त्यांचा धंदाच तुमच्या डेटावर चालतो. आणि जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मधूनमधून व्हीपीएनबंदीचे आदेश निघतात, तिकडे फिरायला जाताना ते चालू ठेवून नाक्यावर अडकू नका.

अमेरिकेचं बघायचं तर जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी आणि डिसेंबर २०२५ पासून एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा) व्हिसासाठीही सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायला सांगतात. इथे लपवाछपवी महागात पडते, फॉर्मवर खोटं लिहू नका. ज्यांना जायचंय त्यांनी जुन्या पोस्ट आजच चाळाव्यात, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री नाही.

आणि खरंच तुमच्यावर नजर असेल तर

कायदा पूर्ण तुमच्या विरोधात नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरवला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेचं कारण तिथे नव्हतंच. अडचण एवढीच की टॅप होतंय हे तुम्हाला कोणी कळवत नाही, कळतं ते बहुतेकदा केस झाल्यावरच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही सरकारला आपल्या यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवलेली आहे, तिकडून फार आशा धरू नका.

कामच असं असेल की जोखीम आहे, तर हल्ल्याच्या वाटा कमी करणारी कडक सेटिंग्ज लावा, आयफोनवर 'लॉकडाउन मोड', नव्या अँड्रॉइडवर 'अॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन', अपडेट आल्या दिवशी टाका, आणि फोन रोज एकदा रिस्टार्ट करा. चार आकडी पिन बदलून लांब पासकोड ठेवा, मोर्चाला किंवा पोलीस स्टेशनला जाताना बोटाचं लॉक बंद, बोट धरून लावता येतं.

अॅपल किंवा व्हॉट्सअॅपकडून हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या हल्ल्याचा इशारा आला (अॅपल २०२४ च्या आधी त्याला 'सरकारपुरस्कृत हल्ला' म्हणायचं) तर पहिली गोष्ट, घाबरून फोन फॅक्टरी रिसेट मारू नका. पुरावा त्यातच असतो. आधी तो इशारा खराच कंपनीकडून आलाय का ते बघा, मेसेजमधल्या लिंकवर टॅप न करता. अॅपलचा असेल तर स्वतः अॅपलच्या साइटवर लॉगिन करा, तिथे वरच तो दिसतो. स्क्रीनशॉट घ्या, बॅकअप कंप्युटरवर काढून ठेवा, फोन बंद करून बाजूला ठेवा. अॅम्नेस्टीच्या सिक्युरिटी लॅबने एमव्हीटी नावाचं फुकट टूल काढलंय, त्याने जाणकार माणूस बॅकअप तपासू शकतो. आणि वकिलाला फोन करायचा तो दुसऱ्याच्या मोबाइलवरून.