वाचनालयाची ठेव कुठे ठेवायची

आमच्या वाचनालयाची खजिनदार झाले तेव्हा कपाटात एका पतसंस्थेची तीन लाखांची पावती होती. एका निवृत्त शिक्षिकेनं बालविभागासाठी दिलेले पैसे. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त, म्हणून आधीच्या मंडळींनी तिथे ठेवलेले. पुढे पतसंस्था बुडाली. चार वर्षं खेटे घातले, हाती आले एक लाख दहा हजार. बाईंना ते सांगायला मीच गेले होते. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तुमची संस्था सार्वजनिक विश्वस्तसंस्था म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ३५ आधी वाचा. लगेच खर्चायचे नसलेले पैसे अनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या) बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत, राज्य शासनानं या कामासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवायचे. स्थावर मालमत्तेच्या पहिल्या गहाणावर पैसे देण्याचीही तरतूद आहे, पण लहान संस्थेनं त्या वाटेला जाऊ नये. याबाहेर जायचं तर अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. सहकारी बँक असेल तर मान्यतेची प्रत मागून फाइलला लावा.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवींना ठेव विमा नाही. बँकेत ४ फेब्रुवारी २०२० पासून मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा आहे. मात्र एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरतात, त्यामुळे रक्कम मोठी असेल तर शाखा नव्हे, बँका वेगळ्या निवडा.

पावती संस्थेच्याच नावावर, संस्थेच्याच पॅनवर. अध्यक्षांच्या नावावर ‘तात्पुरती’सुद्धा नको. ठरावात बँक, रक्कम, मुदत, व्याजदर लिहा. सह्या दोघांच्या ठेवा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची माहिती) धर्मादाय कार्यालयात दाखल करा आणि बँकेतल्या सह्याही बदला. ठेवीवर कर्ज काढायचा मोह झाला तर कलम ३६अ आठवा: आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना कर्ज काढता येत नाही. देणगीदारानं कायम निधी म्हणून, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायला, पैसे दिले असतील तर तसं पत्र त्याच दिवशी घ्या.

हिशेब ३१ मार्चला बंद होतात. कलम ३५ सोडून कुठे गुंतवणूक झाली असेल तर लेखापरीक्षकाला ती अहवालात दाखवावी लागते. आमच्या अहवालात ती ओळ सलग तीन वर्षं होती. कोणी वाचलीच नाही. विश्वस्त म्हणून पहिल्या सभेला जाल तेव्हा मागच्या पाच वर्षांचे अहवाल मागवा आणि ती ओळ शोधा.